मालिशचा व्यवसाय: दिवसाला किती घरं घ्यायची?



कमी भांडवलात सुरू होणाऱ्या सेवा-व्यवसायांवर मी व्हिडिओ केला, त्यात मालिशच्या कामावर जेमतेम चार मिनिटं बोललो. हा विषय चार मिनिटांत उरकण्यासारखा नाही. शिवाय त्या व्हिडिओत एक गोष्ट सांगायची मी चक्क टाळली. आज सुरुवात तिथूनच करतो, कारण त्यात चूक माझी होती.

चिंचवडला माझी दोन दिवसांची कार्यशाळा होती. त्यात एक ताई आल्या होत्या. काम काय, तर बाळंतिणीची आणि बाळाची मालिश, बाळाची आंघोळ, शेक. सासूबाईंकडून शिकलेल्या. दिवसाला चार घरं करायच्या, एका घराचे ४०० रुपये घ्यायच्या. त्यांचा प्रश्न साधा होता, "सर, उत्पन्न कसं वाढवू?" मी फळ्यावर गणित मांडलं. चार घरं म्हणजे १,६०० रुपये. सात केली तर २,८००. म्हटलं, "ताई, दराला हात लावू नका, गिऱ्हाईक बिथरेल. घरं वाढवा." टाळ्या पडल्या. मलाही बरं वाटलं.

ताईंनी ऐकलं. सात घरं सुरू केली. महिन्याचे २६ दिवस धरले तर ७२,८०० रुपये होतात, आणि पहिल्या महिन्यात जवळपास तेवढे आलेही. पेढे घेऊन आल्या होत्या. पाचव्या महिन्यात त्यांचा उजवा अंगठा गेला. गेला म्हणजे सुजला, दुखायला लागला, बरणीचं झाकण उघडेना, स्कूटरचा अॅक्सिलरेटर फिरवता येईना. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. अडीच महिने घरी. हातातली सगळी घरं सुटली, त्यातल्या एका घरी तर बाळंतीण जेमतेम नवव्या दिवसावर होती. त्या घरच्या आजी फोनवर काय बोलल्या ते ताईंनी मला सांगितलं नाही. पण एक वाक्य मात्र बोलल्या, ते माझ्या अजून कानात आहे. "सर, दुकानदाराचा माल संपला तर तो नवा भरतो. मी अंगठा कुठून भरू?"

मी किराणा दुकानाचं सूत्र हाताच्या कामाला लावलं होतं. दर कमी, उलाढाल जास्त. दुकानात ते चालतं, कारण तिथे साखर तुमच्या मनगटातून निघत नाही. मालिशच्या धंद्यात यंत्र तुम्हीच आहात. म्हणून या धंद्यात पहिला आकडा दराचा नसतो. आपलं शरीर वर्षानुवर्षं, न दुखता, दिवसाला किती घरं करू शकतं, हा पहिला आकडा. दर त्यावरून काढायचा.

मागणी आहे, आणि ती नवी नाही

आपल्याकडे मालिश कोणाला समजावून सांगावी लागत नाही. नरक चतुर्दशीला पहाटे तेल-उटणं लावून अभ्यंगस्नान आपण सगळेच करतो. कोल्हापूरच्या तालमीत पैलवान एकमेकांचं अंग रगडतात. केस कापून झाले की नाभिक डोक्यावर दोन थापा मारून चंपी करून देतो. आणि बाळंतिणीला सव्वा महिना न्हाऊ-माखू घालणारी बाई तर गावोगाव होतीच. तिला पैसे कमी आणि साडी-चोळी, धान्य, ओटी जास्त मिळायची.

बदललं काय, तर घर बदललं. हिंजवडीला नोकरी करणारं जोडपं, माहेर लातूरला, सासर अकोल्याला. दोन्हीकडच्या आया पंधरा-पंधरा दिवस येतात, त्यातल्या एकीचे गुडघे दुखतात आणि दुसरीला बाळ पायावर घ्यायची भीती वाटते. मग सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारणा होते, "कोणी चांगली मालिशवाली मावशी माहीत आहे का?" तुमचा सगळा धंदा या एका ओळीतून येणार आहे, हे लक्षात ठेवा.

मालिशच्या इतर वाटाही आहेत, त्या पटकन सांगतो. स्पामध्ये नोकरी आहे. त्यासाठी ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचे असिस्टंट स्पा थेरपिस्ट, स्पा थेरपिस्ट असे कोर्स असतात. आयुर्वेदिक रुग्णालयात पंचकर्म तंत्रज्ञ म्हणून काम मिळतं. अर्बन कंपनीसारख्या अॅपवरून घरपोच मसाजची कामं मिळतात. परदेशी पद्धतींमध्ये स्वीडिश आणि थाई यांना मागणी आहे. थायलंडने आपल्या पारंपरिक मालिशला इतकं जपलं, की २०१९ मध्ये युनेस्कोने 'नुआद थाई'ची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. आपली न्हाऊ घालणारी मावशी अजून कुठल्याच यादीत नाही. असो.

या सगळ्या वाटांत मी आज आई-बाळाच्या मालिशवरच बोलणार आहे. एक तर भांडवल जवळजवळ लागत नाही. दुसरं, या कामाला घरातूनच मान आहे. 'मसाज' म्हटलं की काहींच्या भुवया वर जातात, छाप्यांच्या बातम्या आठवतात. बाळंतिणीच्या मालिशला तो डाग नाही. तुमच्या घरच्यांनाही हे काम सांगताना अडचण वाटणार नाही. आणि तिसरं, इथे शिकलेलं शिस्तीचं गणित पुढे वयस्कर माणसांच्या, खेळाडूंच्या, कुठल्याही मालिशला जसंच्या तसं लागू पडतं.

आता खरं गणित

या कामात एक गंमत आहे. सगळ्यांना सकाळच हवी असते. बाळाची आंघोळ सकाळी, उन्हं वर यायच्या आत आई न्हाऊन मोकळी व्हायला हवी, मग दोघं झोपतात. म्हणजे तुमचा दिवस आठ तासांचा नाहीच, साधारण साडेसात ते एक एवढाच आहे. आई आणि बाळ मिळून दीड तास धरा. मध्ये अर्धा तास प्रवासाचा, पाणी प्यायचा, हात सैल सोडायचा. साडेसात ते नऊ, साडेनऊ ते अकरा, साडेअकरा ते एक. तीन घरं झाली, सकाळ संपली. चिंचवडच्या ताई सात घरं कशी करत होत्या? एकेका घरात पाऊण तासात उरकून, मध्ये न थांबता, आणि संध्याकाळी सातपर्यंत. अंगठा जाणार नाही तर काय होणार!

आता सकाळच्या या तीन वेळा म्हणजे तुमच्या दुकानाचा दर्शनी भाग आहे. त्याचं भाडं जास्तच हवं. समजा, सकाळचा दर ७०० रुपये ठेवला. दुपारी चारची एक वेळ ठेवा, ती ५०० ला द्या. ज्यांना पैसे वाचवायचे आहेत ते दुपार घेतात, ज्यांना सकाळच हवी ते ७०० देतात, कोणाशीच घासाघीस करावी लागत नाही. (हे आकडे गणितासाठी घेतलेत. तुमच्या गावात, तुमच्या भागात काय दर चालतो ते चार घरी विचारून ठरवा.)

तीन गुणिले ७०० म्हणजे २,१००, अधिक ५००, दिवसाचे झाले २,६००. आता मागे जाऊन माझा फळा बघा. सात घरं, २,८०० रुपये. तीन घरं कमी केली आणि दिवसाला फक्त २०० रुपये कमी झाले! हे गणित मी त्या दिवशी मांडायला हवं होतं.

पण थांबा, २,६०० गुणिले २६ करून ६७,६०० च्या स्वप्नात जाऊ नका. रोज चारही वेळा भरलेल्या नसतात. एक बाळंतीण संपते, पुढचीची तारीख आलेली नसते. चारपैकी सरासरी तीन वेळा भरल्या, असं धरा. ५०,७०० झाले. त्यातून पेट्रोलचे ३,०००, धुलाई, अॅप्रन, साबण, नॅपकिन यांचे १,२००, मोबाईलचे ३०० काढा. राहिले ४६,२००. त्यातले ५,००० दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका. हे पैसे 'अंगठ्याचे'. आजारी पडलात, हात दुखावला, तर त्या महिन्याचं घर यातून चालेल. हातात राहिले ४१,२००. एवढा हिशोब वहीत मांडून मगच नोकरी सोडायची की नाही ते ठरवा.

"सर, पण ४०० वरून ७०० वर गेलं तर लोक पळतील." हा प्रश्न येणारच. तर चालू घरांचा दर मध्येच वाढवायचा नाही, ते बरं दिसत नाही. नवीन बुकिंगपासून नवा दर. आणि ७०० मध्ये काय मिळतं ते डोळ्यांना दिसलं पाहिजे. नखं कापलेली, अंगठी-बांगड्या काढलेल्या, घरात शिरल्याबरोबर साबणाने कोपरापर्यंत हात धुतलेले, स्वच्छ अॅप्रन, ठरलेली वेळ. एक छोटी वही त्या घरासाठी, त्यात तारीख, काय केलं, बाळाला पुरळ होतं का, आईला कुठे दुखत होतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, "मी आजारी पडले तर माझ्याऐवजी अमुक ताई येतील, त्यांची ओळख मी आजच करून देते." हे वाक्य जी मावशी पहिल्या दिवशी बोलते, तिच्याशी कोणी ५० रुपयांसाठी भांडत नाही. नऊ दिवसांची बाळंतीण अर्ध्यावर सुटणार नाही, याची खात्री लोक विकत घेतात.

बाळ तारीख बघून येत नाही

या धंद्याची खरी कसरत कॅलेंडरची आहे. ठरल्या तारखेलाच जन्मणारी बाळं फार थोडी. पंधरा दिवस इकडे-तिकडे होतातच. सिझेरियन ठरवून असेल तर तारीख कळते, पण मग आईची मालिश कधी सुरू करायची हे तिचे डॉक्टर सांगतील, तुम्ही नाही. बाळाची आधी सुरू होईल, आईची नंतर, म्हणजे दीड तासाच्या जागी सुरुवातीला पाऊण तासाचंच काम.

मग बुकिंग घ्यायचं कसं? सातव्या महिन्यात, डोहाळजेवणाच्या सुमाराला. त्या दिवसांत घरात सगळ्या बायका जमलेल्या असतात, तुमचं नाव निघतंच. त्याच वेळी थोडी आगाऊ रक्कम घ्या, समजा २,०००, आणि ती शेवटच्या दिवसांत वळती करून द्या. पावती लिहून द्या. आगाऊ घ्यायला आपल्या बायकांना फार संकोच वाटतो, शुभकार्याआधी पैसे कसे मागायचे म्हणून. अहो, हॉलवाला मागतो, आचारी मागतो. तुम्ही तर त्या बाईसाठी सव्वा महिना सकाळ राखून ठेवताय.

वहीत प्रत्येक बुकिंगसमोर एक तारीख लिहू नका, महिनाभराचा पट्टा लिहा. तारखेच्या आधीचे पंधरा दिवस, नंतरचे पंधरा दिवस. रंगीत पेन्सिलीने पट्टे ओढलेत की एकाच वेळेवर दोन पट्टे कुठे चढतायत ते लगेच दिसतं. दोन चढले तर चालेल, तिसरा घेऊ नका. आणि जवळपासच्या दुसऱ्या मालिशवाल्या ताईशी दोस्ती करा. तिला प्रतिस्पर्धी समजू नका. दोन बाळं एकाच आठवड्यात आली तर एक घर तिला द्यायचं, पुढच्या वेळी ती तुम्हाला देईल. कमिशन वगैरे काही नको, वहीत फक्त देणं-घेणं लिहून ठेवा. माझ्या ओळखीच्या दोघींचं असं चार वर्षं चाललंय आणि दोघींच्या घरांच्या किल्ल्यासुद्धा एकमेकींकडे असतात.

बाळंतिणीचा सव्वा महिना संपला म्हणजे घर संपलं असं नाही. बाळाची मालिश-आंघोळ पुढे काही महिने चालते, अर्ध्या-पाऊण तासाचं काम, अर्धा दर. आणि त्याच घरातल्या आजींचे गुडघे आहेतच. दुपारची वेळ त्यांच्यासाठी.

अंगठा वाचवायचा कसा

हे कोर्समध्ये शिकवतात, पण घरी शिकलेल्यांना कोणी सांगत नाही. जोर अंगठ्याने द्यायचा नाही. तळव्याची टाच, मूठ, कोपराच्या पुढचा हात हे वापरा. दाब खांद्यातून नको, पाय थोडे मागे-पुढे ठेवून शरीराचं वजन पुढे झुकवा, दाब आपोआप पडतो. जमिनीवर चटई टाकून वाकून मालिश केली की कंबर जाते. शक्यतो दिवाण किंवा पलंग वापरा. घडीचं टेबल घेणार असाल तर उंचीचं साधं माप आहे, ताठ उभं राहून हात सैल सोडा, टेबल बोटांच्या पेरांपर्यंत यायला हवं. बाळाला पायावर घेऊन आंघोळ घालताना पाठीला भिंत किंवा उशी द्या. दिवसाला तीन बाळं, वर्षाला किती झाली बघा, म्हणजे त्या उशीची किंमत कळेल.

हात लावायचा नाही, असं कधी

हा भाग नीट वाचा. दिल्लीतली एक घटना एम्सच्या डॉक्टरांनी नोंदवली होती. एका तरुणाचा पाय दुखावला होता, प्लास्टर निघालं होतं, पाय दुखतो म्हणून आईने मायेने तेल लावून चोळला. पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होती. ती सुटली, फुफ्फुसात गेली आणि मुलगा दगावला. आईला काय माहीत! पण तुम्ही पैसे घेऊन हे काम करणार, तुम्हाला माहीत हवं. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे बाईला अशा गुठळीचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो. म्हणून रोज मालिश सुरू करायच्या आधी दोन्ही पाय बघायचे. एकच पाय सुजलाय, पोटरी लाल आहे, गरम लागते, दुखते, तर त्या पायाला हात लावायचा नाही. "आज मालिश नाही, आधी डॉक्टर," असं स्पष्ट सांगायचं, आणि त्या दिवसाचे पैसे घ्यायचे नाहीत. श्वासाला त्रास होतोय म्हणाली तर थेट दवाखाना. ताप, जखम, टाके ओले, खूप रक्तस्राव, डोकं फार दुखतंय, डोळ्यांसमोर अंधारी येतेय, या सगळ्याला उत्तर एकच, आधी डॉक्टर.

बाळाच्या बाबतीत भांडण आजींशी होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शनात पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळाला हलक्या हाताने सर्वांगाची मालिश करायला हरकत नाही असं म्हटलंय. हलक्या हाताने! आजींना मात्र "चांगलं रगडून" हवं असतं. नाक ओढून सरळ करा, डोकं दाबून गोल करा, छाती पिळून दूध काढा, कानात-नाकात दोन थेंब तेल सोडा. यातलं काहीही करायचं नाही. छाती पिळली की जंतुसंसर्ग होऊन गळू होतं, नाकातलं तेल श्वासावाटे फुफ्फुसात जाऊ शकतं. बंद खोलीत निखाऱ्यांवर धुरी देणंही नको, त्या धुराने बाळाचा आणि आईचा जीव गुदमरतो.

आजींना "तुमचं चुकतं" म्हणालात तर दुसऱ्या दिवशी घर गेलं समजा. मी ऐकलेली सगळ्यात चांगली युक्ती एका नाशिकच्या मावशींची. त्या पहिल्याच दिवशी आजींना जवळ बसवतात आणि म्हणतात, "आजी, तुमच्या काळी डॉक्टर एवढं तपासत नव्हते, आता मला बाळाच्या डॉक्टरांनी बजावलंय. मी ऐकलं नाही तर ते मला घरात येऊ देणार नाहीत. तुम्ही मला बाळाचं गाणं म्हणून दाखवा, मी हात चालवते." आजी गातात, मावशी हलक्या हाताने मालिश करतात.

आणखी एक. सव्वा महिना रोज त्या बाईला तुम्ही बघता. नवरा कामावर, आई स्वयंपाकात, ती तुमच्याजवळच बोलते. सतत रडते, बाळाला घ्यावंसं वाटत नाही, झोप नाही, जगण्यात अर्थ नाही असं म्हणते, तर ते 'बाळंतपणात असं होतंच' म्हणून सोडू नका. घरातल्या जबाबदार माणसाला सांगा, डॉक्टरांना दाखवायला लावा. सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा १४४१६ या नंबरवर आहे, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

कागदपत्रं आणि फुकटचे मोह

उद्यम नोंदणी मोफत आहे. कोणी पैसे मागितले तर समजा, दलाल आहे. सेवा-व्यवसायात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे तोवर जीएसटी नोंदणीची चिंता नको. मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० पर्यंत कर्ज मिळतं, पण माझं मत विचाराल तर या कामाला कर्ज काढूच नका. स्कूटर आधीपासून असेल तर दोन-तीन हजारांत सुरुवात होते. पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत नाभिक आहेत, मालिशवाली नाही, त्यामुळे त्या नावाने कोणी फॉर्म भरून देतो म्हणाला तर दार बंद करा.

स्वतःचं तेल बनवून विकायचा मोह सगळ्यांना होतो. त्याला सौंदर्यप्रसाधनांचा किंवा औषधांचा परवाना लागतो. तेल त्या घरच्यांनाच आणायला सांगा. आणि पाटीवर, पत्रकावर "पक्षाघात बरा", "लठ्ठपणा गायब" असलं काही लिहू नका. १९५४ चा जादूटोण्यासारखे उपाय आणि आक्षेपार्ह जाहिराती रोखणारा कायदा आहे, त्यात हे आजार नावानिशी आहेत. तुम्ही फिजिओथेरपिस्टही नाही. बाळंतिणीची आणि बाळाची मालिश करते, एवढं लिहिलं की पुरे.

कोर्सची फी भरायच्या आधी एकच प्रश्न विचारा, "हात ठेवून सराव किती तासांचा आणि किती माणसांवर?" उत्तरात फक्त प्रमाणपत्राचं कौतुक आलं तर परत फिरा. आणि अॅपवर जायचं का? सुरुवातीला काम मिळतं, हे खरं. पण २०२१ मध्ये गुरुग्रामला अर्बन कंपनीच्या ब्यूटी विभागातल्या महिलांनी कमिशनवरून आंदोलन केलं होतं, हेही लक्षात असू द्या. अॅपवर गिऱ्हाईक अॅपचं असतं. सोसायटीच्या ग्रुपवर ते तुमचं असतं. आई-बाळाच्या कामात तर एका घरातून पुढची तीन घरं येतात, मध्ये कोणी लागत नाही.

एक नियम सुरक्षिततेचा. नवीन घरी पहिल्या भेटीला घरातल्या बाईशीच बोलणं, पत्ता घरच्यांना पाठवून ठेवणं, आणि बाळंतीण सोडून घरातल्या पुरुषांनी "जरा माझीही पाठ" म्हटलं तर पहिल्याच वेळी नाही म्हणणं. स्वतःचं आधार, दोन जुन्या घरांचे फोन नंबर त्यांच्या परवानगीने द्या. विश्वास दोन्ही बाजूंनी लागतो.

जाता जाता एक गोष्ट, मला फार आवडते म्हणून. पाटण्यात १७५९ मध्ये जन्मलेला साके दीन महोमेद १८१० मध्ये लंडनला हिंदुस्थानी जेवणाचं हॉटेल काढतो आणि दोन वर्षांत दिवाळखोर होतो. मग समुद्रकाठच्या ब्रायटनला जाऊन वाफारा आणि मालिश सुरू करतो. पुढे तिथल्या राजाची मालिश करण्याइतका नावारूपाला येतो. तिकडचे लोक त्याच्या चंपीला 'शाम्पूइंग' म्हणत. आज आपण दुकानातून शाम्पू आणतो, तो शब्द आपल्याच चंपीचा.

चिंचवडच्या ताईंचं पुढे काय झालं, ते राहिलंच. विश्रांतीनंतर त्यांनी एका घरापासून सुरुवात केली, नव्या दराने. आता सकाळी तीन, दुपारी एक. पाचवं घर आलं तर ते भाचीला देतात, तिला त्यांनीच वर्षभर सोबत फिरवून शिकवलं. परवा फोन आला होता. म्हणाल्या, "सर, एका बिल्डरच्या घरचं काम आलंय, सकाळी सहाला या म्हणतायत, दीडपट देतो म्हणतायत. घेऊ का?" मी म्हटलं, "ताई, मला विचारू नका. अंगठ्याला विचारा." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "विचारलं. नको म्हणतोय."